दोन औषधं आणि एक वही

नमस्कार, श्रोतेहो. आज प्रोस्टेटबद्दल बोलू या. लघवीचा विषय निघाला की आवाज बारीक करणाऱ्यांनी तो जरा मोठाच करावा.

प्रोस्टेट ही पुरुषांमधली एक ग्रंथी, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असते. ती वाढली की वाट अरुंद होते, धार बारीक होते. त्यावर टॅमसुलोसिन; ते तिथले स्नायू सैल करतं. पण काहींची पिशवीच उतावळी झालेली असते. लागली की पळायचं. अशांना जोडीला सॉलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन देतात. लक्षात ठेवा, एक औषध वाटेसाठी, दुसरं पिशवीसाठी.

माझे एक पेशंट, निवृत्त हिशेबनीस. टॅमसुलोसिननं धार सुधारली, घाई तशीच. “डॉक्टर, माझ्या मित्राला एका गोळीत दोन औषधं देतात. मलाच का नाही?” म्हटलं, आधी तीन दिवसांची वही लिहा. किती वाजता, किती मिली.

चौथ्या दिवशी वही हजर. लाल शाईनं आखलेली. सव्वासहा, 90. सात दहा, 70. पानाच्या तळाशी बेरीज, बेरजेखाली दुहेरी रेघ! एका नोंदीपुढे ‘अंदाजे, भांडं हाताशी नव्हतं’. काय ते अक्षर! मोबाइलनं माणसांचं अक्षर खाल्लं, असं माझं ठाम मत आहे. माझं स्वतःचं तर केमिस्टलाच विचारा. असो.

लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली. मागे 40 मिली उरली होती, म्हणजे पिशवी बऱ्यापैकी रिकामी होत होती. हे बघितल्याशिवाय दुसरं औषध जोडू नये. सॉलिफेनासिन सुरू केलं. महिन्याभरात घाई आटोक्यात.

मग एका रात्री फोन. “डॉक्टर, आज वहीत लिहायला काहीच नाही.”

लघवी तुंबली होती. सर्दी झाली म्हणून घरात उरलेल्या सर्दीच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या होत्या. त्यांतली काही औषधं ती वाट आवळतात, काही पिशवीला सुस्त करतात. आणि सॉलिफेनासिननं ती आधीच शांत केलेली. नळी घातली. पुढच्या भेटीत वहीत नोंद होती: 800, नळीवाटे. खाली दुहेरी रेघ.

म्हणून सांगतो, सर्दीची गोळी विचारून. पुन्हा सांगतो, विचारून. सॉलिफेनासिननं तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन चालू असेल तर रक्तदाब बघत राहा. टॅमसुलोसिननं उठताना चक्कर येऊ शकते, पलंगावर क्षणभर बसून मग उभे राहा.

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं नाव सांगाच, पूर्वी घेऊन बंद केलं असलं तरी. त्यानं बुबुळाचा पडदा सैल पडतो, ऑपरेशन करताना त्यांना तयारी ठेवावी लागते. आमच्या हिशेबनिसांची तारीख ठरलीय. आठवण करायला फोन केला, तर म्हणाले, “शेवटच्या पानावर लिहिलंय, लाल शाईनं.”