लळा कुणाचा लागतो?

श्रोतेहो, नमस्कार.

"ही बाई सारखी मध्ये कशाला कडमडते?" माझा धाकटा भाऊ टीव्हीकडे बघत चिडून म्हणाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आम्ही दोघं 'ब्रेकिंग बॅड' बघत होतो आणि ती बाई म्हणजे स्कायलर, नायकाची बायको. मीही मान डोलावली. मग पाणी प्यायला उठले आणि ओट्यापाशी उभी असताना मनात आलं, या बाईनं असं केलंय तरी काय? नवरा रात्री-अपरात्री कुठे जातो, घरात एवढा पैसा कुठून येतो, इतकंच विचारलं ना? पदरात तान्ही मुलगी आहे, हाताशी आलेला मुलगा आहे. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं. तरी राग तिचाच आला.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अल्बुकर्की या अमेरिकी शहरातला वॉल्टर व्हाइट हा पन्नाशीचा, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर. त्याला फुफ्फुसाचा कर्करोग होतो. आपल्यामागे घरच्यांची सोय व्हावी म्हणून तो मेथ नावाचा अमली पदार्थ बनवायला लागतो. मग माणसं मरत जातात. 2008 ते 2013 या काळात तिचे 62 भाग झाले.

अशा माणसावर प्रेक्षक प्रेम करतात का? मला वाटतं, आपल्याकडे यासाठी प्रेमापेक्षा नेमका शब्द आहे, लळा. प्रेम करताना माणूस कसा आहे हे कुठेतरी तपासलं जातंच. लळ्याला नुसता सहवास पुरतो. बासष्ट भाग म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस तास. एवढा वेळ सलग आपण सख्ख्या भावाबरोबरही बसत नाही. शिवाय वॉल्टर आपल्याला एकटा दिसतो, गाडीत खोकताना, रात्री जागा असताना. स्कायलर मात्र, निदान सुरुवातीला, बहुतेकदा त्याला काहीतरी विचारतानाच दिसते. ज्याचं एकटेपण आपण पाहिलं त्याच्या बाजूचे आपण होऊन जातो, तो काय करतो ते नंतर.

दुसऱ्या पर्वातला तो प्रसंग मला अजून आठवतो. वॉल्टर आपल्या तरुण साथीदाराला, जेसीला, हलवून जागं करायला बघतो. जेसी आणि शेजारी झोपलेली त्याची मैत्रीण जेन, दोघंही नशेत. त्या हलवण्यात ती कुशीवरून पाठीवर येते, तिला उलटी होते, श्वास कोंडतो. वॉल्टर धावतो आणि थांबतो. तिला नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी ती जगली असती. तो तोंडावर हात धरून रडतो आणि तिला मरू देतो. ही भूमिका करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टन यांनी पुढे सांगितलं आहे की त्या क्षणी त्यांना जेनच्या जागी स्वतःच्या मुलीचा चेहरा दिसला. आपण मात्र डोळे पुसले आणि पुढचा भाग लावला.

याआधी 'द सोप्रानोज'नं हे करून दाखवलं होतं. 1999 मध्ये आलेल्या या मालिकेच्या पहिल्याच भागात न्यू जर्सीतल्या टोनी या माफिया म्होरक्याच्या पोहण्याच्या तलावात रानबदकं पिल्लं वाढवतात. ती उडून जातात आणि हा आडदांड माणूस चक्कर येऊन पडतो. तिथेच लळा लागतो. पाचव्या भागात तो लेकीला कॉलेजं दाखवायला घेऊन जातो आणि वाटेत एका जुन्या फितुराला वायरीनं गळा आवळून मारतो. प्रेक्षक आता तुटतील, अशी वाहिनीला भीती होती. निर्माते डेव्हिड चेस अडून बसले. प्रेक्षक तुटले नाहीत. 2013 मध्ये टोनीचं काम करणारे जेम्स गँडोल्फिनी गेले, तेव्हा मालिकेचं शेवटचं दृश्य जिथे चित्रित झालं त्या आइस्क्रीमच्या दुकानात त्यांचं टेबल 'राखीव' अशी पाटी लावून मोकळं ठेवलं होतं. हे वाचून माझाही गळा दाटला होता.

या लळ्याला मी नावं ठेवत नाही. वाईट माणसाच्या आत डोकावता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याची किंमत कुणाकडून वसूल होते ते बघा. स्कायलर साकारणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ऑगस्ट 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. स्कायलरच्या द्वेषासाठी लोकांनी समाजमाध्यमांवर पानं काढली होती, आणि तो द्वेष भूमिकेवर न थांबता त्यांच्या स्वतःच्या जिवावर उठण्याच्या भाषेपर्यंत गेला होता. नवऱ्यापुढे न झुकणारी बायको लोकांना खुपते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला शंभर टक्के पटतं, कारण मी बाई असून मान डोलावली होती.

यंदा गणपतीत भाऊ घरी आला, तेव्हा आम्ही पाचव्या पर्वातला एक भाग पुन्हा लावला. वॉल्टरचा एक्कावन्नावा वाढदिवस. पाहुणे बसलेले असताना स्कायलर अंगावरच्या कपड्यांनिशी तलावात उतरते आणि खाली जाते. मुलांना या घरातून बाहेर काढण्याचा तिला एवढाच मार्ग सुचलेला असतो. रात्री वॉल्टर तिची एकेक वाट बोलून बंद करतो. शेवटी ती म्हणते, मी आता फक्त वाट बघू शकते, तुझा कर्करोग परत येण्याची.

पहिल्या वेळी हे ऐकून आम्ही दोघंही म्हणालो होतो, किती दुष्ट आहे ही!

या वेळी भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तिला जायला जागाच नव्हती गं."

नमस्कार.