देवगिरी सेव्ह झाला का?

(दृश्य: परभणी. रात्र. दूरवर वीज चमकते.)

मृग लागला की आमच्याकडे सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. शेतकरी पावसाची वाट बघतो आणि आम्हाला धास्ती लाईटीची. ढग गडगडले की आधी ती जाते.

खोलीच्या कोपऱ्यातल्या या जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट या ठोकळे रचून बांधायच्या खेळाचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना एकत्र खेळू देणारा प्रोग्राम, चालतो. नांदेड, हिंगोली, जालन्याचे मित्र जेवणं उरकून त्यावर येतात आणि सगळे मिळून खेळात देवगिरीचा किल्ला बांधतात. तासलेला कडा, खंदक, आणि शत्रूला चकवणारा तो काळोखा वळणावळणाचा भुयारी रस्ता, अंधारी. नुसत्या अंधारीच्या वळणांना आमचे दोन महिने गेले.

(दृश्य: पडद्यावर अंधारीतल्या पायऱ्या.)

गेल्या पावसाळ्यात यातल्या पायऱ्या एका रात्रीत गेल्या. लाईट गेली, इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि मी घाबरून कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. चूक माझीच. खेळ चालू असतो तेव्हा किल्ल्याचा ताजा भाग रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतो, डिस्कवर नसतो. सर्व्हर सेकंदाला २० टिक, म्हणजे खेळाचे ठोके, मोजतो आणि ६००० टिक झाले की, म्हणजे ५ मिनिटांनी, आपणहून सेव्ह करतो. मधलं सगळं हवेत. त्यातून लिहितानाच वीज तुटली तर फाइल अर्धवट राहते, ते तर फारच वाईट.

नांदेडच्या मित्राचं नुकसान वेगळंच होतं. त्या रात्री लाईट जायच्या जरा आधी त्यानं खेळातले दगड पेटीत ठेवले आणि तो खेळातून बाहेर पडला. बाहेर पडताना खेळाडूची नोंद लगेच लिहिली जाते, म्हणून त्याच्या झोळीतून दगड वजा झाले. पेटी मात्र जुन्या सेव्हमधली उघडली. दगड इथंही नाहीत, तिथंही नाहीत. "अरे, एवढे दिवस खणायलो होतो मी," एवढंच तो म्हणाला. ते मला अजून टोचतं.

म्हणून आता घाई नाही. आज रात्री दहाला पहिला गडगडाट झाला तसा मी सगळ्यांना संदेश टाकला: पाच मिनिटांत बंद करतोय, हातातलं ठेवा, बाहेर या.

(दृश्य: काळ्या खिडकीत अक्षरं उमटतात: स्टॉप.)

स्टॉप ही आज्ञा दिली की सर्व्हर आधी खेळाडू सेव्ह करतो, मग खेळातली तिन्ही जगं: वरचं, नेदर आणि एंड. माणसं चुकतात ती इथंच, असं मला वाटतं. आज्ञा दिली म्हणजे झालं समजून खिडकी बंद करतात. जग मोठं असलं की वेळ लागतो.

"दादा, झालं का?" धाकटा विचारतो.

"थांब की. सेव्ह झाल्याची ओळ येऊ दे."

ओळ आली. सर्व्हर आपोआप थांबला. आता जगाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर. चालू सर्व्हरची नक्कल घेतली तर काही फाइली जुन्या आणि काही नव्या येऊ शकतात, म्हणून बॅकअप थांबल्यावरच. मग पेन ड्राइव्ह इजेक्ट करून कॉम्प्युटरही रीतसर शटडाउन.

(दृश्य: काळोख. पावसाचा आवाज.)

सव्वादहाला लाईट गेली. खोलीत कुणी जागचं हललंसुद्धा नाही.