वाघावर व्ह्यूज, विहिरीवर पैसे

हे जे स्क्रीनवर दिसतंय ना, गवतात नुसतं काळं भोक, ही विहीर आहे. कठडा नाही, दगड रचलेले नाहीत, बाभळीची एक फांदीसुद्धा आडवी टाकलेली नाही. दिवसा माणसाला कळतं. रात्री कोल्ह्याला, लांडग्याला, जीव घेऊन पळणाऱ्या हरणाला कसं कळणार? बीड जिल्ह्यात पाटोदा-आष्टीच्या माळावर हिंडलात की अशा विहिरी दिसत राहतात, काही जुन्या, पाणी आटलं म्हणून सोडून दिलेल्या, काही नव्याच पण खोदण्यातच पैसे संपले अन् वरचं बांधकाम राहिलं ते राहिलंच.

आता लांडगा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. पण हा गडी अभयारण्यात कमी अन् गायरानात, पडीक माळावर, मेंढ्यांच्या वाड्यामागं जास्त. आमच्याकडं नायगावचं मयूर अभयारण्य आहे, चांगलं आहे, पण लांडग्याला त्याची हद्द कुणी दाखवलीय? तो रात्रभर चालतो अन् चालता चालता शेतकऱ्याच्या विहिरीशी येतो.

जनावर पडलं की काय होतं ते आम्ही बघितलेलं आहे. आधी सगळं गाव जमतं, काठावर उभं राहून व्हिडिओ काढतं, आतलं जनावर दमेपर्यंत पोहत राहतं. कुणीतरी शहाणा वनविभागाच्या 1926 ला फोन लावतो. मग वनविभागाची माणसं येतात, बाजेच्या चारी पायांना दोरखंड बांधून बाज खाली सोडतात, ते त्याच्यावर चढून बसतं अन् हळूहळू वर घेतात. खरं अवघड काम बाज ओढायचं नाहीच, गर्दीला मागं सारायचं आहे.

तर या विहिरींना कठडे बांधायचे म्हणून पैसे जमवायचे, अन् ते रात्रभर यूट्यूबवर लाईव्ह बसून, ही आयडिया आमच्या मेडिकलवाल्या मित्राची. त्याला गेमिंगचा नाद. अमेरिकेत 2010 साली काही गेमर पोरांनी असंच दिवसरात्र गेम खेळून पैसे जमवले होते, गेम्स डन क्विक नाव त्याचं, हॉटेलचं इंटरनेट चालेना म्हणून एकाच्या आईच्या घराच्या तळघरात जाऊन बसले होते म्हणे. हे ऐकल्यावर आम्हाला एकदम आपलं वाटलं, कारण गावात आमच्या नेटचीही तीच गत, म्हणून मेडिकलच्या वरची खोली घेतली, तिथं फायबर आहे अन् इन्व्हर्टर पण.

रात्र जागवायचं म्हणाल तर ते आम्हाला कुणी शिकवायला नको. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसेच आम्ही कॅमेऱ्यासमोर पहारे लावले. यूट्यूबचं एक आहे, बारा तासांच्या वर लाईव्ह गेलं तर रेकॉर्डिंग आपोआप सेव्ह होत नाही, म्हणून संध्याकाळी आठला सुरू करून सकाळी आठच्या आत उठायचं ठरलं.

पैसे कुणाच्या खात्यात, हा पहिला भांडणाचा मुद्दा. स्वतःच्या नंबरचा क्यूआर लावायचा नाही हे मात्र सगळ्यांनी एका तोंडानं मान्य केलं. तालुक्यातल्या एका छोट्या नोंदणीकृत संस्थेनं, 80जी असलेल्या, म्हणजे देणगी देणाऱ्याला आयकरात सूट मिळते अशा, तिचं खातं दिलं अन् सोबत साउंडबॉक्स दिला. किराणा दुकानात असतो तोच डबा. तो आम्ही माईकपुढं ठेवला. हा त्या रात्रीचा खरा हिरो. आम्ही काहीतरी गंभीर बोलायलो अन् मधेच तो, "एकावन्न रुपये प्राप्त झाले." की आमच्या डीएड केलेल्या ताई लगेच फळ्यावर खडूनं आकडा लिहायच्या, बेरीज करायच्या. सुपरचॅट, म्हणजे यूट्यूबवरनंच पैसे पाठवणं, करू नका म्हणून दर अर्ध्या तासाला सांगावं लागायचं, कारण त्यातले तीस टक्के यूट्यूब ठेवून घेतं, अन् लांडग्याच्या नावानं त्यांना कमिशन कशाला?

अमेरिकेतनं पण मेसेज आले. ताईंचा आतेभाऊ तिकडं आहे, पासपोर्ट अजून भारताचाच, त्याचे पैसे चालतात. पण त्याच्या मित्राचा पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणजे तो कायद्यानं परदेशी, त्याच्याकडून घ्यायचे तर संस्थेकडं एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती नव्हती. तो बिचारा म्हणतो मी पण इथलाच आहे, गेवराईचा. असशील बाबा, पण कागदावर नाहीस.

दहाच्या पुढं आम्ही वाघाचा विषय काढला. डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात आला, चारशे किलोमीटरच्या वर, अन् त्याच्याआधी 2021 ला तिकडचाच दुसरा एक संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात आला होता. हे सांगायला लागलो अन् बघणारे भसाभस वाढले. कमेंटवर कमेंट. फोटो दाखवा, कुठं दिसला, आमच्या शिवारात येईल का. पण साउंडबॉक्स गप्प! अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

मग एकानं कमेंट टाकली, "हे पोरं पैसे खाऊन मोकळे होतेत बघा." आमचा मित्र चिडला, पण ताईंनी शांतपणे मिस्त्रीकडून आणलेलं कोटेशन कॅमेऱ्यापुढं धरलं. विटा एवढ्या, सिमेंट एवढं, वाळू, मजुरी, सगळं मिस्त्रीच्या अक्षरात, वर चहाचा डाग पडलेला. एक एक ओळ वाचली. अन् डबा बोलायला लागला. वीस रुपये. एकशे एक. पन्नास. कुणी लिहिलं, माझ्याकडून एक गोणी सिमेंट धरा. माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडं लोकांना वाघ बघायचा असतो पण पैसे द्यायला हिशेब लागतो, अन् त्यात चूक काहीच नाही.

दोन ते तीन फार वाईट गेलं. बघणारे आम्ही अन् आमचेच पाहुणे. एकानं पोवाडा म्हणायचा प्रयत्न केला, तो भाग आम्ही कापलाय.

मला वाटलं आता आठपर्यंत असंच. तर पहाटे चारच्या सुमाराला अचानक बघणारे वाढले. कोण? आमच्याच गावचे ऊसतोडीवाले. दिवाळीनंतर बीडमधली कितीतरी गावं रिकामी होतात, माणसं सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात कारखान्यावर जातात, अन् पहाटे उठून फडात जायच्या आधी कोपीत चूल पेटलेली असते, मोबाईल हातात. "काय करायलाव रे रात्रभर? झोपा की." हा पहिला मेसेज. दुसरा, वीस रुपये. मग टोळीतल्या सगळ्यांचे दहा-दहा, वीस-वीस. मुकादमाकडनं आधीच घेतलेली उचल फेडायला राबणारी माणसं ही. एकानं व्हॉइस मेसेज पाठवला, तो तसाच ऐकवतो, "माझ्या रानात विहीर हाय बिनकठड्याची, लाईट रात्रीची असती, म्हातारी मोटर चालू करायला जाती एकटी. लांडग्याचं बघा, पण म्हातारीचं पण बघा."

हे आमच्या कुणाच्या बोलण्यात रात्रभर आलंच नव्हतं. शेतीची लाईट रात्रीची, अंधारात चाचपडत मोटारीकडं जाणारं माणूस अन् माळावरनं येणारा लांडगा, विहीर दोघांना तीच. त्यानंतर आम्ही दुसरं काही बोललो नाही, लोकांना सांगितलं तुमच्या विहिरीचं लोकेशन टाका. सकाळपर्यंत पैशापेक्षा लोकेशनच जास्त आले.

जमलेल्या पैशात तीन विहिरी होतायत. त्यातली एक त्या म्हातारीची, हे चौघांनी मिळून ठरवलं, एकाचा विरोध होता, त्याचं म्हणणं पैसे वन्यजीवांसाठी मागितलेत तर नियमानं तिथंच लागले पाहिजेत. मग तिच्या विहिरीच्या चिखलात कोल्ह्याचे पाय उमटलेले सापडले अन् वाद मिटला.

मिस्त्री कमरेएवढं बांधतोय. मोटारीच्या पाईपाला जागा सोडलीय. आजी रोज येऊन बघतायत अन् रोज त्याला सांगतायत की वाळू जास्त अन् सिमेंट कमी पडायलंय.