मासा कुठल्या पाण्यातला?

[दृश्य : पावसात भिजलेलं भाताचं शिवार]

मृगाचा पाऊस लागून राहिला की बेळगावच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाला पात्र सोडतो आणि थेट भातात शिरतो. त्याच पाण्यातून चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे, मासे येतात. पोरं बुट्ट्या आणि जुन्या मच्छरदाण्या घेऊन बांधावर हजर! बोटाएवढा मासा, पोटात गाभोळी. एवढासा मासा कोण चिरत बसणार? राखेत घोळायचा, खवलं काढायची, आणि आतड्या-कल्ल्यांसकट तव्यावर.

आम्हाला काळजी आहे ती या आतड्या-कल्ल्यांची, आणि त्यांतून पोटात जाणाऱ्या विषारी धातूंची.

हा नाला बेळगाव शहराचं सांडपाणी वाहून नेतो. पुढे ते मार्कंडेय नदीत जातं, आणि मार्कंडेय घटप्रभेला मिळते. शहर तर ओतकामाचं, कारखानदारीचं. कुठल्याही शहरात प्लेटिंगचं, म्हणजे धातूला मुलामा देण्याच्या कामाचं, पाणी प्रक्रिया न करता सोडलं, तर क्रोमियम आणि निकेल वाहत जातं. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की शिसं सुटतं. फॉस्फेट खतातही थोडं कॅडमियम असतं, कारण ज्या खडकापासून खत बनतं त्यातच ते असतं.

घाण कुजते, धातू कुजत नाही. पाणी निवळलं, वास गेला, तरी तो गाळात बसून राहतो.

[दृश्य : मासळी बाजार, पाटीतले मासे]

“मावशी, कुठलं मासं हे?”
“हिडकल डॅमचं बघ.”

हा प्रश्न आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या विचारत आल्या आहेत, आणि तो अगदी बरोबर आहे. त्याला आणखी एक जोडायचा : मासा खातो काय? कटला पाण्याच्या वरच्या थरातलं बारीक प्लवंग, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, खातो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाचा गाळ उकरतात. मरळ दुसरे मासे खाते. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी हे जास्त विषारी रूप करतात, आणि लहान माशातून मोठ्या माशात जाताना ते साठत, वाढत जातं. पारा असलेल्या पाण्यात म्हणूनच मरळीसारख्या शिकारी माशात तो सगळ्यात जास्त सापडतो. तो मांसातच मुरलेला असतो. उकळा, तळा, आमसूल घाला, जात नाही.

शिसं आणि कॅडमियम मात्र जास्त करून कल्ले, काळीज (यकृत), मूत्रपिंड यांत साठतं. मोठा मासा साफ करताना हे सगळं काढून टाकलं तर बराच भाग ताटात येत नाही. बोटाएवढ्या माशात ही सोय नाही.

माणसाच्या मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. त्याचं सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. व्यापारासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकाने किलोभर माशात ०.३ मिलिग्रॅम शिशाची मर्यादा घातली आहे. डोळ्यांना किंवा जिभेला ते कळणं शक्यच नाही.

आमच्या घरांत मासा खाणं सुटू नये, असंच आम्हाला वाटतं. स्वस्तात इतकं चांगलं दुसरं काय मिळतं? म्हणून मागणी तपासणीची आहे, आणि नुसती बाटलीभर पाण्याची नको. गाळ तपासा, मासा तपासा, त्याचं मांस वेगळं आणि काळीज वेगळं. एक नमुना शहराच्या वर, राकसकोप जलाशयाचा. दुसरा नाला मार्कंडेयला मिळतो त्याच्या खालचा. तिसरा चढणीच्या दिवसांत, येळ्ळूरच्या बांधावरचा. आणि निकाल मराठीत आणि कन्नडमध्ये, मासळी बाजाराच्या दारात लावा.