उतरणीची वर्षे कोणाच्या खाती मांडायची?

श्रोतेहो, आपल्यापैकी बरेच जण न्यू जर्सीत राहतात, त्यामुळे न्यूयॉर्कचे नाव लावणारा जायंट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ प्रत्यक्षात ईस्ट रदरफोर्डला, म्हणजे आपल्या दाराशी खेळतो, हे मी नव्याने सांगायला नको. या संघाचा निवृत्त क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, एली मॅनिंग याच्याविषयी मला आज बोलायचे आहे, आणि तेही एकाच प्रश्नापुरते. ज्याची शेवटची सात वर्षे बव्हंशी उतरणीची गेली, त्याला ओहायोतील कॅंटन गावच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मान-दालनात, जागा मिळावी का? तिथे निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि मग निवड समितीची ८० टक्के मते मिळवावी लागतात. मॅनिंग जानेवारी २०२० मध्ये निवृत्त झाला. २०२५ मध्ये तो अंतिम यादीपर्यंत पोचला, पण निवडला गेला नाही.

त्याच्या विरोधात पहिला आकडा येतो तो ११७-११७. नियमित हंगामांत ११७ विजय आणि तेवढेच पराभव. इतका काटेकोर समतोल साधायचा म्हटले तरी साधला नसता. बाजूने बोलणारे लगेच दुसरा आकडा पुढे करतात: ५७,०२३ यार्डांचे पासिंग, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेलेले अंतर, आणि ३६६ टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोचवून केलेली गुणकमाई. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि माझ्या मते दोन्ही बाजूंची गल्लत इथेच होते.

कारकिर्दीचे दोन भाग करून पाहू. २००४ ते २०१२ या नऊ हंगामांत मॅनिंग पहिल्यापासून मैदानात उतरलेल्या सामन्यांत ७८ विजय आणि ५७ पराभव आहेत. २०१३ ते २०१९ या सात हंगामांत ३९ विजय आणि ६० पराभव आहेत. मधला २०१६ चा ११-५ असा हंगाम वगळला, तर हे चित्र आणखी उदास दिसते. म्हणजे बरोबरीचा तो आकडा उतरणीने घडवला. पण त्याच सात हंगामांत २५,००० हून अधिक यार्ड आणि १५५ टचडाउनही जमा झाले. उतरणीचे पराभव माफ करा म्हणणाऱ्याने उतरणीत साठलेले यार्डही सोडून द्यायला हवेत; आणि यार्ड निव्वळ टिकून राहिल्याचे फळ म्हणून उडवून लावणाऱ्याला पराभव मोजता येणार नाहीत. एकाच पानावरची जमा घ्यायची आणि खर्च फाडून टाकायचा, हा हिशेब नव्हे.

मी ते पान अख्खेच बाजूला ठेवतो. असे करण्यात नवे काही नाही. न्यूयॉर्कच्याच जेट्स संघाचा क्वार्टरबॅक जो नेमॅथ घ्या. त्याची १७३ टचडाउन आणि २२० इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने मधेच झेललेले पास) आहेत, तो गुडघे निकामी होईपर्यंत खेळला, शेवटचा हंगाम लॉस एंजेलिसच्या संघाकडून काढला, आणि तरीही १९८५ मध्ये हॉलमध्ये गेला. जानेवारी १९६९ मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, त्याने जेट्सला मिळवून दिलेला विजय निवड करणाऱ्यांना पुरेसा मोठा वाटला.

मग मॅनिंगच्या उरलेल्या नऊ हंगामांत काय दिसते? ३ फेब्रुवारी २००८ ची ॲरिझोनातील ग्लेन्डेलची सुपर बोलची रात्र आठवा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स सलग १८ सामने जिंकून आले होते. जायंट्स १०-१४ असे मागे, सव्वा मिनिट शिल्लक, तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा) आणि पाच यार्ड हवे होते. दोन बचावपटूंच्या मुठीत मॅनिंगची जर्सी आली होती. तो कसाबसा निसटला, मागे सरकला आणि त्याने मैदानाच्या मधोमध उंच चेंडू फेकला. जायंट्सच्या डेव्हिड टायरीने तो एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला, आणि पेट्रियट्सचा रॉडनी हॅरिसन तो ओरबाडत असतानाही जमिनीला लागू दिला नाही. बत्तीस यार्ड मिळाले. थोड्याच वेळात प्लॅक्सिको बरेसला टचडाउनचा पास गेला आणि निकाल १७-१४ लागला.

तो सामना मात्र निम्म्याहून अधिक बचावफळीचा होता, हे मान्य करावे लागेल. हंगामात ५८९ गुण करणाऱ्या संघाला १४ वर रोखणे ही मॅनिंगची करामत नव्हे. म्हणून मी २०११ च्या हंगामाला जास्त वजन देतो. त्या वर्षी जायंट्सचा धावता खेळ लीगमध्ये तळाला होता, संघ ९-७ असा रखडत प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोचला, आणि मॅनिंगने ४,९३३ यार्ड काढून चौथ्या क्वार्टरमध्ये १५ टचडाउन पास दिले, जो तेव्हाचा विक्रम होता. शेवटी पुन्हा पेट्रियट्स, पुन्हा विजय, २१-१७. दोन्ही अंतिम सामन्यांचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

आता खरी अडचण. प्लेऑफमध्ये त्याचे आठ विजय आहेत आणि आठही या दोनच हंगामांतले. इतर चार वेळा तो पहिल्याच सामन्यात हरला. लीगमध्ये सर्वाधिक इंटरसेप्शनचा डाग त्याला तीनदा लागला, २००७, २०१० आणि २०१३ मध्ये, म्हणजे त्यांतले दोन हंगाम ऐन चढणीतले होते. शिवाय तो ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघात एकदाही आला नाही. त्याच्या दाव्याला धोका उतरणीचा नाही, शिखराच्या अरुंदपणाचा आहे. क्वार्टरबॅक जिम प्लंकेटने रेडर्स संघाला दोन सुपर बोल जिंकून दिले, त्याचाही हिशेब ७२-७२ असा बरोबरीत सुटला, आणि तो आजही हॉलबाहेर आहे.

तरीही मला मत असते, तर मी ते मॅनिंगला दिले असते. पहिल्या वर्षी नाही, आणि २०११ नसते तर कधीच नाही. माझ्या या मतात थोडा पक्षपात असेल, आणि तो नोव्हेंबर २०१७ चा आहे. तेव्हा सलग २१० सामन्यांत सुरुवातीचा क्वार्टरबॅक तोच होता. प्रशिक्षक त्याला संघाबाहेर बसवायला निघाले होते, पण मालिका अखंड राहावी म्हणून त्यांनी सुचवले की त्याने सामन्याची सुरुवात करावी आणि मग जागा सोडावी. मॅनिंगने नकार दिला. पुढच्या रविवारी ओकलंडला त्याच्या जागी जीनो स्मिथने सुरुवात केली, आणि मालिका २१० वर थांबली.