हुद्दा घरी ठेवून: परदेशी मिशनवरचे ज्येष्ठ दांपत्य

श्रोतेहो,

मराठी माणसाच्या मनात ‘मिशनरी’ या शब्दाबरोबर जे चित्र उभे राहते, ते बहुधा एकोणिसाव्या शतकातले असते. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. तरुणपणी यायचे आणि पुष्कळदा इथल्याच मातीत मिसळून जायचे, असा तो काळ होता. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते मिशनरी बहुतेक निवृत्तीनंतर निघतात, जोडीने जातात, परतीचा महिना ठरवून जातात. आणि ज्या देशात जायचे तिथली भाषा त्यांच्यापैकी अनेकांना येत नाही.

त्यांचे चर्च म्हणजे १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेले ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. युटामधले सॉल्ट लेक सिटी हे त्याचे मुख्यालय. लोक या मंडळींना मॉर्मन म्हणत आले. तो शब्द वापरू नये अशी विनंती त्यांच्या नेतृत्वाने २०१८ मध्ये केली, म्हणून मीही तो टाळतो. पांढरा शर्ट घालून, छातीवर काळी नावपट्टी लावून दोघादोघांनी फिरणारे त्यांचे तरुण जगभर ओळखीचे आहेत. त्यांच्याच मागे, फारसे न दिसणारे, हे ज्येष्ठ दांपत्य काम करत असते. ज्यांच्यावर अवलंबून असणारी मुले घरात नाहीत अशा पती-पत्नींना ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांसाठी जाता येते. वेतन नसते. खर्च स्वतःच्या बचतीतून आणि निवृत्तिवेतनातून करायचा असतो. घरभाड्याचा भार मात्र चर्चने २०११ मध्ये दरमहा १,४०० डॉलरपर्यंत मर्यादित केला आणि त्यावरची रक्कम आपल्याकडे घेतली.

जाण्याआधी काय काय अडते? चर्चच्या वरिष्ठ नेत्यांच्या ‘बारा प्रेषित’ या मंडळातले रॉबर्ट हेल्स यांनी २००१ च्या वसंतातल्या चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत चार अडचणी सांगितल्या होत्या: भीती, कुटुंबाची काळजी, आपल्याजोगे काम मिळेल का ही शंका, आणि पैसा. मला यात कुटुंबाची काळजी सर्वांत जड वाटते. पैशाची तजवीज दहा वर्षे आधीपासून करता येते. नातवंडाचे पहिले पाऊल मात्र आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. प्रकृतीचा प्रश्नही आहेच. वैद्यकीय तपासणीत उतरावे लागते, आणि अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, म्हणजे मेडिकेअर, देशाबाहेर सहसा लागू होत नाही, त्यामुळे विम्याची वेगळी सोय करावी लागते. मग बिशपची, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाची, शिफारस, वरच्या पदाधिकाऱ्याची शिफारस, आणि अखेर चर्चच्या अध्यक्षांच्या सहीचे नेमणूकपत्र. कुठे जायला आवडेल हे दांपत्याने सांगावे, नेमणूक करणारे ते विचारात घेतात. शेवटचा शब्द त्यांचा.

आता मुद्द्याकडे येतो. नेमणूक मिळाली की प्रत्येक मिशनऱ्याचे पहिले नाव व्यवहारातून जाते. पुरुष ‘एल्डर’, स्त्री ‘सिस्टर’, आणि पुढे आडनाव. अठरा वर्षांच्या पोरालाही ‘एल्डर’ आणि सत्तरीच्या आजोबांनाही ‘एल्डर’. चाळीस वर्षे बँकेत वरच्या खुर्चीवर बसलेला माणूस आता मिशनच्या, म्हणजे त्या प्रदेशातल्या मिशनरी कामाच्या, कार्यालयात तरुण मिशनऱ्यांच्या सदनिकांची वीजबिले भरतो, भाडेकरार आणि व्हिसाची कागदपत्रे सांभाळतो, गाड्यांच्या दुरुस्तीचा हिशोब ठेवतो. आणि ज्या मिशन अध्यक्षाच्या हाताखाली तो हे करतो, तो पुष्कळदा त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असतो. हुद्दा कपाटात ठेवून यायचा हे वाक्य सोपे आहे. रोज सकाळी नऊ वाजता ते पाळणे सोपे नाही. माझ्या समजुतीने या सेवेची खरी कसोटी परक्या देशापेक्षा इथे लागते.

कामाचे प्रकार पुष्कळ आहेत. कुणी जुनी जन्म-मृत्यूची दप्तरे कॅमेऱ्याने टिपून वंशावळीच्या संग्रहासाठी जपून ठेवतो, कुणी चर्चच्या ‘टेंपल’मध्ये, म्हणजे खास विधींच्या वास्तूत, सेवा करतो, कुणी परिचारिका असेल तर आजारी तरुणांचे फोन घेते. मानवसेवेच्या नेमणुकीवर गेलेले दांपत्य स्थानिक रुग्णालयांशी आणि संस्थांशी बोलून चाकाच्या खुर्च्या, पिण्याचे पाणी, नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचे प्रशिक्षण अशा प्रकल्पांची देखरेख करते. इथे एक प्रश्न रास्त आहे: ही मदत आहे की धर्मप्रचाराची पायवाट? काही ठिकाणी उत्तर लेखी आहे. जेरुसलेममध्ये स्कोपस टेकडीवर या चर्चच्या विद्यापीठाचे केंद्र उभे राहताना मोठा विरोध झाला, तेव्हा चर्चने इस्रायलमध्ये धर्मप्रचार न करण्याचे वचन दिले, आणि तिथे सेवेला जाणारी ज्येष्ठ दांपत्येही त्या वचनाने बांधलेली असतात. सर्वच देशांत रेषा इतकी ठळक नसते, हे मान्य केले पाहिजे. छातीवर चर्चच्या नावाची पट्टी असली की न बोलताही काहीतरी सांगितले जातेच.

सर्वांत नाजूक काम मला नवख्या मंडळ्यांतले वाटते. या चर्चमध्ये स्थानिक पातळीवर पगारी धर्मगुरू नसतात. शिक्षक, दुकानदार, चालक हेच शाखा, म्हणजे छोटी स्थानिक मंडळी, चालवतात, आणि जिथे चर्च नवे आहे तिथे शाखाध्यक्ष स्वतः पाच-सहा वर्षांपूर्वीच सभासद झालेला असू शकतो. त्याला आधार देण्यासाठी दांपत्य येते. सभा कशी चालवावी, नोंदी कशा ठेवाव्यात, घरात भांडण झालेल्या कुटुंबाकडे कसे जावे, हे सगळे त्यांना हातखंडा असते, आणि नेमका धोकाही तोच. समजा, सिस्टरला पियानो येतो. ती दर रविवारी वाजवू लागली तर मंडळी खूश होतील, पण अठरा महिन्यांनी ती गेल्यावर वाद्यावर धूळ बसेल. म्हणून तिने दोन मुलींना शिकवावे, त्यांची चुकलेली सुरावट भर सभेत ऐकावी आणि स्वतःची बोटे मांडीवर आवरून बसावे. एल्डरचेही तेच. शाखाध्यक्षाने हिशोबात घोळ घातला तर तो आपल्या हाताने निस्तरण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडून निस्तरून घ्यायचा. यात तिप्पट वेळ जातो.

दिनक्रमात मात्र त्यांना सवलत आहे. तरुणांची उठण्या-झोपण्याची बांधील वेळ त्यांना लागू नाही. मुलाबाळांशी हवे तेव्हा बोलता येते, घरच्या मोठ्या प्रसंगाला स्वखर्चाने थोडे दिवस जाऊनही येता येते. चहा, कॉफी आणि मद्य त्यांना वर्ज्य. जगाच्या अर्ध्या भागात पाहुण्याचे स्वागतच चहाने होते, तेव्हा यजमानाचे मन न मोडता पेला नाकारण्याची कला पहिल्याच महिन्यात शिकावी लागते. तरुणांना जेवायला बोलावणे हा कुठल्याही नेमणूकपत्रात न लिहिलेला, पण जवळजवळ प्रत्येक दांपत्य करत असलेला उद्योग. घरापासून प्रथमच दूर आलेली पोरे ज्या गोष्टी अध्यक्षांना सांगत नाहीत, त्या ताट धुता धुता या सिस्टरला सांगतात.

आणि दोघांचे आपसांत? नोकरी असताना रोज दहा-बारा तास एकमेकांपासून दूर राहिलेली माणसे आता एका छोट्या सदनिकेत, एका गाडीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना चोवीस तास बरोबर असतात. तो घाईने गाडी चालवतो, ती नकाशा वाचताना चुकते. वर्षानुवर्षे कामाच्या आड झाकलेले रुसवे वर येतात. निवृत्त जोडप्याला घरीही हेच भोगावे लागते, पण घरी त्याला स्वतःचे मित्र असतात, तिला तिच्या मैत्रिणी असतात. इथे सुरुवातीचे काही आठवडे भाषा कळणारा शेजारी म्हणून फक्त जोडीदारच असतो.

मुदत संपते. गावी परतल्यावर स्थानिक अधिकारी त्यांना सेवेतून रीतसर मुक्त करतो आणि छातीवरची काळी पट्टी उतरते. नातवंडे तोवर बरीच उंच झालेली असतात, त्यातले एखादे आजोबांना पाहून आईच्या मागे लपते. काही दांपत्ये घर लावून झाले की पुढच्या नेमणुकीचा अर्ज भरायला बसतात. काही बसत नाहीत, आणि तिकडच्या शाखेत रविवारी पियानो कोण वाजवते आहे हे मात्र दर महिन्याला फोन करून विचारत राहतात.