देवाच्या साक्षीविना दिलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवस काही वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईची रोजची प्रार्थना मात्र कधी चुकत नाही, आणि ती पुस्तकात बघून म्हणायची तिची सवय. ते काम माझ्या धाकट्या भावाकडे आलं, कारण तो तिच्याजवळ राहतो. हा भाऊ गेली वीस वर्षं देव मानत नाही. पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "आई, मी वाचीन. पण माझा यावर विश्वास नाही, हे तुला ठाऊक आहे." आई डोळ्यांवरची पट्टी सावरत म्हणाली, "तू वाच. ऐकणारी मी आहे ना."

पंधरा दिवस त्यानं वाचलं. एकही शब्द न गाळता, घाई न करता, ती थांबायची तिथे थांबून. एखादं जोडाक्षर अडलं की ती पडल्या पडल्या पाठ म्हणून दाखवायची आणि तो पुढे जायचा.

भेटायला आलेल्या मामांना हे रुचलं नाही. त्याला काही बोलले नाहीत, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "ज्याला वरच्याचं भय नाही, त्याचा भरवसा काय धरायचा?"

मामा मनानं वाईट नाहीत, आणि मी स्वतः देव मानते. त्यामुळे तो प्रश्न मला झटकून टाकता आला नाही. धर्म मानणाऱ्या समाजात नास्तिक माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागली आहेत. देव आहे की नाही यावर वाद होतात, होत राहतील. पण घरात, कचेरीत, न्यायालयात आधी उभा राहतो तो मामांचाच प्रश्न. या माणसाच्या शब्दाला हमी कोणाची?

हा प्रश्न जुना आहे. जॉन लॉक हा इंग्रज विचारवंत धार्मिक सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेवरच्या त्याच्या पत्रात त्यानं वेगवेगळ्या पंथांना सामावून घ्यायला सांगितलं, नास्तिकांना मात्र बाहेर ठेवलं. वचन, करार, शपथ ही समाजाला बांधून ठेवणारी बंधनं, आणि देव न मानणाऱ्याला ती बांधू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. आपणही खरेपणाची खात्री पटवायची असली की "देवाशपथ" म्हणतो. मग जो तसं म्हणू शकत नाही, त्यानं काय म्हणायचं?

याचं उत्तर शोधताना एका माणसाला फार सोसावं लागलं. त्याचं नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. १८८० साली नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्याला ब्रिटिश संसदेत निवडून दिलं. तो उघड नास्तिक होता. देवाच्या नावानं शपथ घेण्याऐवजी मला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू द्या, अशी त्यानं विनंती केली. ती नाकारली गेली. बरं, मग शपथ घेतो, म्हणाला, तर सभागृहानं सांगितलं, तुझ्या तोंडी त्या शपथेला अर्थच नाही. म्हणजे प्रतिज्ञाही चालेना आणि शपथही चालेना! संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत त्याला डांबलं गेलं. पुढच्या वर्षी तो सभागृहात शिरायला गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला ओढत बाहेर काढलं, त्या झटापटीत त्याचा कोट फाटला. १८८२ साली तो सरळ आत चालत गेला, खिशातून बायबल काढलं आणि स्वतःच स्वतःला शपथ दिली. जागा रिकामी ठरवली गेली, आणि मतदारांनी पुन्हा त्यालाच निवडून दिलं. असं वारंवार झालं. त्या मतदारांचं मला फार अप्रूप वाटतं. ते काही सगळे नास्तिक नव्हते. आपला माणूस काय मानत नाही यापेक्षा तो आपल्यासाठी काय करतो, हे त्यांनी पाहिलं.

अखेर १८८६ मध्ये त्याला जागेवर बसू दिलं गेलं, आणि १८८८ साली कायदाच झाला की, शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हाच ब्रॅडलॉ संसदेत भारताचे प्रश्न इतक्या कळकळीनं मांडायचा की त्याला 'भारताचा खासदार' म्हटलं जाई. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो आला होता. जानेवारी १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा लंडनमध्ये कायदा शिकणारा एकवीस वर्षांचा एक भारतीय तरुण त्याच्या अंत्यसंस्काराला गेला होता. त्या तरुणाचं नाव मोहनदास गांधी.

आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने दिले आहेत. त्यात ईश्वरसाक्ष शपथ घेण्याचा आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन, म्हणजे देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा, करण्याचा, असे दोन पर्याय शेजारी शेजारी छापले आहेत. दोन्हींचं वजन सारखं. देव मानणाऱ्या बहुसंख्य देशानं आपल्या पायाच्या दस्तऐवजात देव न मानणाऱ्याच्या शब्दाला तेवढाच मान दिला, याचा एक आस्तिक म्हणून मला अभिमान वाटतो.

कायद्यात हे सुटलं, मनात सुटलं का? २०१७ साली एका संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १३ देशांतल्या ३,००० हून अधिक लोकांना एका क्रूर खुन्याचं वर्णन देऊन, तो कोण असेल याचा अंदाज आडवळणानं विचारला होता. तो नास्तिक असेल असं मानण्याकडे लोकांचा कल, तो आस्तिक असेल असं मानण्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. त्या देशांत भारतही होता. मला सगळ्यात लागलं ते पुढचंच. हा कल स्वतः नास्तिक असलेल्या लोकांतही दिसला. म्हणजे हा संशय त्यांच्याही अंगात मुरलेला. माझा भाऊ पंधरा दिवस एवढा जपून का वाचत होता, ते मला हे वाचल्यावर उमगलं.

आता आकड्यांविषयी थोडं, कारण "नास्तिक वाढले" असं म्हणताना आपण बऱ्याचदा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतो. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत 'कोणताही धर्म नाही' असं लिहिणारे २००१ साली १४.८ टक्के होते, २०११ मध्ये २५.२ आणि २०२१ मध्ये ३७.२. वीस वर्षांत दुपटीहून जास्त. पण धर्म नाही म्हणणारा प्रत्येकजण नास्तिक नसतो. अमेरिकेत गेल्या काही वर्षांच्या पाहणीत साधारण २८ टक्के प्रौढांनी आपल्याला धर्म नसल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या फक्त १७ टक्क्यांनी स्वतःला नास्तिक म्हटलं. बाकीचे कोणी अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे, आणि बरेचसे 'विशेष असं काही नाही' म्हणणारे.

भारतात २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ७० हजार लोकांचा धर्म नोंदलेला नाही, आणि स्पष्टपणे नास्तिक म्हणून नोंद झालेले जेमतेम ३३ हजार. सव्वाशे कोटींच्या घरात असलेल्या देशात ३३ हजार! प्रगणक दारात उभा असतो, घरातला कर्ता माणूस एका दमात सगळ्यांचा धर्म सांगून मोकळा होतो. आतल्या खोलीतल्या मुलीला कोण विचारतं? मला वाटतं, वाढ झाली आहे ती मुख्यतः बोलणाऱ्यांची. मनात 'नाही' असलेली माणसं आधीही होती. आपल्याकडे तर 'नास्तिक' हा शब्दच दोन-अडीच हजार वर्षांचा. व्याकरणकार पाणिनीनं अस्ति (आहे) आणि नास्ति (नाही) मानणाऱ्यांचा उल्लेख केला, आणि सृष्टीचा कर्ता ईश्वर न मानणारं सांख्यदर्शन आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या, दर्शनांत गणलं गेलं. इतकी ऐसपैस जागा ज्या परंपरेत होती, तिथे आज घरातल्या मुलाला चारचौघांत तोंड उघडायची धास्ती वाटावी, याचं मला वाईट वाटतं.

आणि ही धास्ती उगाच नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचं भांडण कोणाच्या श्रद्धेशी नव्हतं, लोकांना नाडणाऱ्या अंधश्रद्धेशी होतं. २०१५ च्या फेब्रुवारीत ढाक्यात पुस्तकमेळ्यातून बाहेर पडणाऱ्या नास्तिक लेखक अविजित रॉय यांना रस्त्यात मारलं. देवाच्या नावावर हे करणाऱ्यांनी माझ्यासारख्या आस्तिकांची मान खाली घालायला लावली आहे.

नास्तिक मित्रांनाही मला मनापासून काही सांगायचं आहे. आई प्रार्थना करते म्हणजे तिची बुद्धी गहाण पडली, असं मानू नका. मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे मुलानं नवं नवं वाचून रोज जेवताना वडिलांना निरुत्तर केलं, आणि शेवटी वडिलांनी त्याच्याबरोबर जेवणंच सोडलं. ती चूक त्याला फार उशिरा कळली.

दोघांनी एकमेकांना जागा करून दिली तर काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण गोरा आणि गांधीजी यांचं. गोरा म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव. १९४० साली त्यांनी आंध्रात नास्तिक केंद्र सुरू केलं, पुढे ते विजयवाड्याला हलवलं. गोरा गांधीजींशी देवाच्या अस्तित्वावर मोकळेपणानं बोलत आणि गांधीजी ऐकून घेत. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरवलं. ते सेवाग्राम आश्रमात लावायचं ठरलं, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायला गांधीजींनी होकार दिला. ज्यांच्या तोंडी अखेरपर्यंत रामनाम होतं, त्यांनी! लग्नाआधीच, जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजी गेले. मार्चमध्ये ते लग्न सेवाग्रामात ठरल्याप्रमाणे लागलं.

आईची पट्टी निघाली त्या आठवड्यात ती आम्हाला घेऊन बँकेत गेली. तिच्या ठेवींवर बाबांच्या पश्चात कोणाचं नाव लागलेलं नव्हतं. तिथल्या बाईंनी अर्ज पुढे केला आणि नॉमिनी म्हणून कोणाचं नाव घालायचं, असं विचारलं. आईनं नवा चष्मा लावला, अर्ज सगळा वाचला आणि माझ्या भावाचं नाव लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा वाटा तो तुला देईल. त्यानं शब्द दिलाय."